वस्तीतल्या मुलांचं वाढतं वजन : दवाखाना आणि वस्ती मिळून उपक्रम कसा बांधावा?

पायवाट (धागाकर्ती)

रोजंदारी आणि घरकामावर चालणाऱ्या घरांत मुलांच्या लठ्ठपणाचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुपोषण आटोपलं का आधी?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के लुकडी निघाली. त्याच वयोगटात जादा वजनाची मुलं ४.१ टक्के होती, आधीच्या फेरीत १.९. म्हणजे एक गेलं आणि दुसरं आलं असं घडलेलं नाही. दोन्ही एकाच वस्तीत आहेत, पुष्कळदा एकाच खोलीत. २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांच्या मुलांमध्येही दहातल्या एकाच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती.

मोठ्या रुग्णालयात मुलाला 'डाएट चार्ट' हातात मिळतो, त्यात सफरचंद, पनीर, ओट्स. तो कागद फ्रिजवर लावायला फ्रिज तरी हवा. हा धागा त्या कागदाच्या पुढचं लिहिण्यासाठी आहे. मोजमाप, गटसत्रं, पैशात बसणारा आहार, गळती, यातल्या ज्या कामाचे तुम्ही जाणकार आहात त्यावर तपशिलात लिहा. गोळ्या, इंजेक्शनं, शस्त्रक्रिया हा इथला विषय नाही. ते निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांचे, आणि या घरांच्या खिशाबाहेरचे.

---

बालवैद्य

सुरुवात मोजमापापासून. अर्धे उपक्रम इथेच फसतात.

उंची: चपला, मोजे, जाड हेअरबँड, वर बांधलेला अंबाडा सगळं काढायचं. टाचा, नितंब, खांदे भिंतीला. नजर समोर, म्हणजे डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. वरून पट्टी काटकोनात टेकवायची. वही किंवा हात तिरपा ठेवला की सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सहज चुकतात. भिंतीवर कागदी टेप चिकटवणार असाल तर खाली फरशीची पट्टी बाहेर आलेली नाही ना, हे आधी बघा. ती असेल तर टाच भिंतीपासून दूर राहते आणि मूल मागे झुकतं.

वजन: काटा सपाट फरशीवर, सतरंजीवर नाही. रोज सकाळी एखादी ठाऊक वजनाची वस्तू ठेवून तपासा; सीलबंद पाच किलो पिठाची पिशवीही चालते.

दोन सेंटिमीटरने काय बिघडतं ते बघा. नऊ वर्षांचा मुलगा, उंची १३२ सेंमी, वजन ३८ किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं, तो आकडा म्हणजे बीएमआय: ३८ भागिले (१.३२ × १.३२) = २१.८. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलासाठी १७.९ च्या वर जादा वजन आणि २०.५ च्या वर लठ्ठपणा. उंची चुकून १३४ लिहिली तर तोच आकडा २१.२ होतो. तीन महिन्यांनी कुणी उंची बरोबर मोजली की "वाढलं" असं दिसतं, आणि आईने केलेली मेहनत वाया गेल्यासारखी वाटते.

आता खरा मुद्दा. या मुलाचं वजन कमी करायचं नाही. वर्षभर ३८ वरच राहू द्या. सहा सेंटिमीटर उंची वाढली की ३८ भागिले (१.३८ × १.३८) = १९.९५. दहाव्या वर्षी लठ्ठपणाची रेषा २१.४ ला असते, म्हणजे काटा जागचा न हलता मूल त्या रेषेखाली आलं. पालकांना हे गणित पाटीवर मांडून दाखवा. "किती किलो उतरवायचे?" हा प्रश्न मग येत नाही, आणि उपाशी ठेवण्याचे प्रकारही थांबतात. वयात आलेल्या, उंची थांबत आलेल्या मुलामुलींसाठी हिशेब वेगळा, तिथे डॉक्टरांनी ठरवावं.

---

कळशी

तक्त्याबद्दल एक पुरवणी. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते ५ ते १८ वयासाठी आहेत. त्यात जादा वजनाची रेषा प्रौढांच्या २३ ला आणि लठ्ठपणाची २७ ला जुळवलेली आहे, कारण आपल्याकडे कमी वजनातच पोटाची चरबी आणि साखर दिसू लागते. दोन्ही तक्ते चालतात, पण उपक्रमाच्या मध्यात तक्ता बदलू नका. निम्मी मुलं कागदावरच बरी होतात किंवा बिघडतात.

आशाताई, अंगणवाडीताईंसाठी सुतळीची युक्ती आहे. मुलाच्या उंचीएवढी सुतळी कापा आणि दुमडून अर्धी करा. सहा वर्षांपुढच्या मुलाच्या पोटाभोवती, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडलेला असताना ती फिरवा. टोकं जुळली तर ठीक. अंतर राहिलं तर दवाखान्यात पाठवा. काटा लागत नाही, आकडा कुणाला मोठ्याने वाचावा लागत नाही.

आणि कृपा करून वर्गात सगळ्यांसमोर वजन पुकारू नका. पडद्यामागे एकेक मूल, आकडा फक्त वहीत.

---

बालवैद्य

@कळशी, सुतळीबद्दल सहमत. ती चाळणीपुरतीच वापरावी, प्रगती मोजायला नाही.

दवाखान्यात आल्यावर काय बघायचं, थोडक्यात. साध्या लठ्ठपणातलं मूल सहसा वर्गातल्या मुलांपेक्षा उंच असतं. बुटकं आणि लठ्ठ असेल, उंची वाढायची थांबली असेल, तर थायरॉइड व इतर ग्रंथींचा तपास करायला वर, मोठ्या रुग्णालयात पाठवा. पाच वर्षांच्या आत प्रचंड लठ्ठपणा, न शमणारी भूक, विकासात मागे असणं, हेही वर पाठवण्याचं कारण. लठ्ठ मूल अचानक लंगडू लागलं किंवा गुडघा-मांडी दुखते म्हणालं तर त्याच दिवशी एक्स-रे. खुब्याच्या हाडाचं टोक सरकलेलं असू शकतं. रोज घोरणं, झोपेत श्वास अडकणं विचारल्याशिवाय आई सांगत नाही.

मान आणि काखेतली काळी, मखमली पट्टी: घरी तिला मळ समजून दगडाने घासतात, कातडी सोलते. ती घासून जाणार नाही हे स्पष्ट सांगा. इन्सुलिनचं काम अडतंय याची ती खूण आहे, वजन आवरलं की फिकी होते.

रक्तदाब मोजताना मोठ्या दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो. पट्ट्यातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी.

हिमोग्लोबिन विसरू नका. गुबगुबीत मूल रक्ताने कमी असू शकतं, किंबहुना पुष्कळदा असतं. शाळेतली लोहाची गोळी (५ ते ९ वर्षांना गुलाबी, किशोरवयीनांना निळी, आठवड्याला एक) "हा तर धडधाकट आहे" म्हणून टाळली जाते. धावताना धाप लागते ती आळसाने की रक्त कमी म्हणून, हे तपासल्याशिवाय व्यायाम लादू नका.

---

मूठभर_फुटाणे

आहारावर लिहिते. कॅलरी मोजायला सांगू नका, महिन्याचं सामान मोजायला सांगा. किराण्याची यादी प्रत्येक घरात असते, निदान दुकानदाराच्या उधारीच्या वहीत तरी असतेच.

तेल: एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम (पिशवीवर ग्रॅम छापलेले असतात, ते बघा). चार माणसांत महिन्याला पाच लिटर लागत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम. साडेतीन लिटरवर आणलं तर साडेसव्वीस. माणशी शंभर कॅलरी रोजच्या कमी झाल्या, कुणाच्या ताटातली भाकरी काढली नाही. उपाय सोपा आहे: महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढायचं, फोडणी पळीने न घालता चमच्याने घालायची, तळण आठवड्यातून एकदा. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

साखर: चार माणसांत महिन्याला चार किलो म्हणजे माणशी रोज ३३ ग्रॅम, आणि यात बिस्किटं-शीतपेयं धरलेली नाहीत. मुलाचा चहा हे पहिलं लक्ष्य. एकदम बंद नको. दोन चमच्यांचा दीड, मग एक, दर पंधरवड्याला अर्धा. चवीच्या पावडरी दुधात घालून "ताकद" येते हा समज महागडा आहे. त्यात मोठा वाटा साखरेचाच असतो.

आता पाच रुपयांची पाकिटं. रोज दोन म्हणजे महिन्याला ३०० रुपये, एका मुलाचे. अंडं आठ रुपयांना धरलं तरी त्यात तीन डझन अंडी येतात. हा हिशेब आयांना लगेच पटतो. पण पटूनही पाकीट बंद होत नाही, आणि याचं कारण समजून घेतलं नाही तर सगळा सल्ला फुकट. आई सहाला कामावर निघते. मूल शाळेतून येतं तेव्हा घरात कुणी नसतं, गॅस पेटवायला मनाई असते. पाच रुपये हातात देणं म्हणजे तिने केलेली मुलाच्या जेवणाची सोयच. त्या जागी दुसरं ठेवायचं तर त्याला तीन अटी: गॅस लागू नये, उन्हाळ्यात दुपारपर्यंत विटू नये, मुलाला ते शिळंपाकं वाटू नये. फुटाणे आणि शेंगदाणे (मूठभर, दोन वाटे फुटाणे, एक वाटा दाणे), केळं, काकडी-गाजर, सकाळी उकडलेलं सालीसकट अंडं, ज्वारीच्या लाह्या, थंडीत उकडलेले हरभरे. डबा मुलाच्या हाताला येईल असा आणि त्याच्या एकट्याचा हवा. घरभराचा डबा असेल तर पहिल्या दिवशीच रिकामा होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच रुपये.

एक धोक्याची सूचना. त्याच घरात लुकडी बहीण, गरोदर बाई किंवा क्षयाचा रुग्ण असेल तर घरभराचं तेल-दाणे सरसकट कापू नका. भाजी कमी तेलात सगळ्यांची एकच करा; ज्याला गरज आहे त्याच्या ताटात वरून दाण्याचं कूट, अंडं, तुपाची धार. दोन वर्षांखालच्या बाळाचं स्निग्ध तर मुळीच कापायचं नाही.

---

आडवा_प्रश्न

सगळं मान्य, पण भार पुन्हा आईवरच. रेशनवर माणशी पाच किलो गहू-तांदूळ मिळतो, डाळ नियमित नाही, भाजी-फळं तर नाहीतच. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर मिळालेल्या शिध्यातही रवा, साखर, पामतेल, चणाडाळ होती. पोट भरणारं स्वस्त आणि पोसणारं महाग अशी बाजारपेठ असताना वर्ग घेऊन काय होणार? शाळेच्या फाटकावर टपरी आहेच.

---

वस्तीमित्र

@आडवा_प्रश्न, टपरीचं आधी बोलू, कारण तिथे कायदा बाजूने आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत. राज्य सरकारने २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांसाठी तसा निर्णय काढला होता. पण टपरी उठवली तर ती दहा पावलं पुढे लागते, आणि टपरीवाली त्याच वस्तीतली, पुष्कळदा आपल्याच गटातल्या मुलाची मावशी. उठवण्यापेक्षा माल बदलायचा प्रयत्न आधी करा: उकडलेले चणे, भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा, पेरू, काकडी, लिंबू सरबत कमी साखरेचं. तिचा रोजचा नफा किती हे विचारून मगच बोला. नफा पडला की ती जुन्या मालावर जाईल, आणि तिचं चुकणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. ठराव तिथून यावा, बाहेरच्या संस्थेकडून नको.

शालेय पोषण आहाराला यात दोषी धरू नका. पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २० असं ते प्रमाण आहे, आणि पुष्कळ मुलांचं दिवसातलं सगळ्यात नीट जेवण तेच. लठ्ठ मुलाला तिथे कमी वाढणं हा अपमान आहे आणि चूकही. ते उपाशी मूल टपरीवर भरपाई करतं.

आता वर्गांनी काय होतं? थोड्या वर्गांनी काहीच होत नाही, हे खरं. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१७ मध्ये पुरावे तपासून सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा तेच म्हटलं: मूल आणि कुटुंबाशी एकूण २६ तास किंवा अधिक संपर्क झाला तर परिणाम दिसतो. बाह्यरुग्ण विभागातल्या दहा मिनिटांच्या चार भेटी म्हणजे तासभरही नाही. म्हणून दवाखान्याने निदान, तपासण्या आणि दर तीन महिन्यांनी आढावा इतकंच करावं. तास वस्तीत भरायचे. दीड तासाची १८ सत्रं केली की २७ तास होतात. पहिल्या तीन महिन्यांत दर आठवड्याला एक, अशी बारा. उरलेली सहा पंधरवड्याने. साधारण सहा महिने.

गट आठ ते बारा कुटुंबांचा. त्याहून मोठा झाला की शांत आया बोलत नाहीत. दीड तासाची विभागणी: पाऊण तास मुलांचा खेळ, त्याच वेळी पालक वेगळे बसून गेल्या आठवड्यातली अडचण मांडतात, अर्धा तास सगळे मिळून एक पदार्थ करतात आणि खातात, शेवटची पंधरा मिनिटं प्रत्येक घराने पुढच्या आठवड्यासाठी एकच गोष्ट ठरवायची. "टीव्हीसमोर जेवायचं नाही" किंवा "मुलाचा सकाळचा चहा एक चमचा साखरेचा". दोन गोष्टी ठरवल्या की दोन्ही होत नाहीत.

---

नवखी_आशा

ताई, दादा, एक विचारते. आई तयार असते, पण आजी म्हणते, "अगं, बाळसं आहे ते, दृष्ट लावू नका." मुलगा असेल तर जास्तच. तिथे काय बोलायचं?

---

कळशी

आजीला पटवायला जाऊ नका, तिला बोलवा. पदार्थ करण्याच्या अर्ध्या तासाची सूत्रं तिच्याकडे द्या: हुरडा, कुळथाचं पिठलं, मटकीची उसळ, शेवग्याच्या शेंगा, ताकातली कण्यांची पेज, हे तिला येतं आणि तरुण आयांना येत नाही. "वजन कमी करायचंय" हे वाक्य टाळा. "दम लागू नये, गुडघे दुखू नयेत, रक्त वाढावं" असं म्हणा. खोटंही नाही ते. 'लठ्ठ', 'जाड्या' हे शब्द केसपेपरवरही नकोत; "वजन उंचीच्या पुढे गेलंय, उंचीला गाठू देऊ" हे आजीलाही चालतं.

मायेने दुसऱ्यांदा वाढणं हा एक प्रश्न असतोच. त्याला लहान ताटली हा उपाय. भाजी-उसळ पुन्हा वाढा, भात-भाकरी मागितली तरच.

---

लेझीम

हालचालीबद्दल. ५ ते १७ वर्षांना रोज सरासरी ६० मिनिटं चांगली दमवणारी हालचाल, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. वस्तीत मैदान नसतं. गल्लीत दुचाक्या, नाल्याकाठी भीती. म्हणून जागेच्या हिशेबाने खेळ: दहा बाय दहाच्या खोलीत फुगडी, झिम्मा, जागच्या जागी लेझमीचे हात, सूर्यनमस्कार. अरुंद गल्लीत लंगडी आणि दोरीच्या उड्या. समाजमंदिर मिळालं तर खो-खो, लगोरी.

जड मुलाला पहिल्याच दिवशी दोरीवर उभं करू नका, घोट्यावर आणि गुडघ्यावर भार येतो. आधी दोन-तीन आठवडे चालणं, लेझीम, फेकाफेकी. गट पाडताना कॅप्टनने मुलं निवडायची पद्धत बंद. शेवटी कोण उरतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ते मूल पुढच्या वेळी येत नाही. बाद होण्याचे खेळही टाळा, कारण सगळ्यात आधी बाद होणारं मूल सगळ्यात जास्त वेळ बसून राहतं. जड मुलांकडे ताकद असते: रस्सीखेच, गोळाफेक, ढोल यांत ती पुढे येतात, तिथून सुरुवात करा.

मुलींचं वेगळं आहे. पाळी सुरू झाली की बाहेर खेळणं जवळजवळ संपतं. त्यांचा वेगळा तास, बंद दार, बाई प्रशिक्षक, आणि घरी सोडायला गटातली एखादी आई. हे नसेल तर मोठ्या मुलींची नावं फक्त हजेरीपटावर राहतात.

झोपेबद्दल कुणी लिहिलं नाही. ६ ते १२ वर्षांना ९ ते १२ तास हवेत. एका खोलीत टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू असताना ते होत नाही. टीव्ही बंद करा म्हटलं तर कामाच्या पाळीवरून आलेल्या बापाचा तो एकच विरंगुळा असतो. मुलाचं अंथरूण टीव्हीकडे पाठ येईल असं घालणं, आवाज कमी, मोबाइल मोठ्या माणसाच्या उशाखाली, इतकं बहुतेक घरांत जमतं.

---

वस्तीमित्र

गळतीबद्दल लिहायचं राहिलं होतं. कारणं ठरावीक आहेत.

सकाळचा बाह्यरुग्ण विभाग म्हणजे एक खाडा, एक दिवसाची मजुरी. जमेल तिथे संध्याकाळी उघडा असणारा महापालिकेचा दवाखाना निवडा, भावंडांची तपासणी आणि लसीकरण त्याच दिवशी घ्या. सत्राची वेळ पाण्याच्या वेळेवर ठरते. नळ सहाला येत असेल तर सहाचं सत्र रिकामं. बाजाराचा दिवस, पगाराचा शनिवार, परीक्षा, गणपती, हे सगळं आधी कॅलेंडरवर लिहून मगच १८ तारखा ठरवा. जूनपासून उघड्यावरची जागा धरू नका.

सत्र चुकलं की त्याच संध्याकाळी घरी कुणीतरी जावं, रागवायला नाही, चुकलेला पदार्थ डब्यात घेऊन. सलग दोन सत्रं चुकलेलं कुटुंब तिसऱ्याला स्वतःहून क्वचितच येतं, म्हणून दुसऱ्या चुकीची वाट बघू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ती नोंद उपक्रमाची पहिली चाळणी म्हणून वापरा, मुलांना पुन्हा मोजत बसू नका. फक्त निवडलेल्यांची उंची-वजन बालवैद्यांनी सांगितलं तसं पक्कं करा. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयातलं मैत्री क्लिनिक आहे. तिथल्या समुपदेशकाला गटात एकदा आणा, म्हणजे चिडवणं, एकटेपणा, लपून खाणं यावर मुलं तिच्याशी पुढे बोलू शकतात.

---

पायवाट

खूप उपयोगी लिहिलंत सगळ्यांनी. एक अडचण उरते. एप्रिल संपला की निम्मी वस्ती गावी जाते. महिना-दीड महिना आंबे, लग्नाच्या पंगती, मामाचे लाड. जूनमध्ये सगळं पूर्ववत. यावर काही?

---

मूठभर_फुटाणे

गावाचा महिना तोट्याचाच असतो असं नाही. तिथे मूल दिवसभर हुंदडतं, टपरी लांब असते. सांभाळायचं ते दोन ठिकाणी: शीतपेयं आणि पंगतीतलं गोड.

जाण्याआधीच्या सत्रात चौकोनी कॅलेंडरची एक पट्टी द्या, रोज एक खूण: आज रंगीत बाटली प्यायली की नाही. एवढंच, बाकी काही नोंदवायचं नाही. २५० मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते, ती ग्लासभर पाण्यात विरघळवून मुलांनाच चाखायला लावा. ते पाणी कुणी संपवत नाही. आंबा चालेल, एका वेळी एक, जेवणाऐवजी नाही आणि आमरसात साखर न घालता. पन्हं गुळाचं असलं तरी गोडच, कप लहान घ्या. ताक आणि पाणी हवं तितकं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आधी, उंची-वजन घ्या. आधी उंची सांगा, मग वजन. पट्टीवर खुणा नसतील तर विचारू नका, नवी पट्टी द्या आणि चहाच्या चमच्यापासून पुन्हा सुरू करा.